मी पुसलेली तुमची अकरा वर्षं

शुभदाताई,

तुमच्या शोकसभेत मी बोललो नाही. दिल्लीच्या द्वारकेतल्या तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरीवर मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. तुमच्या मजल्यावरच्या आंटींनी सांगितलं की लिफ्ट बंद पडली की सगळे कुरकुर करायचे, अर्ज मात्र तुम्ही लिहायचात. तुमच्या जुन्या कार्यालयातले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम की फाइल में कभी गलती नहीं निकली." मग तुमच्या यजमानांनी, प्रभाकररावांनी, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

तुम्ही लिहिलेल्या सॉफ्टवेअरबद्दल त्या हॉलमध्ये बोलू शकेल असा मी एकटाच होतो. पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. चार वर्षांपूर्वी त्या सॉफ्टवेअरच्या इतिहासातून तुमचं नाव मी पुसलं. तुम्हाला विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. तुम्हाला ते कळलं होतं, हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत होतं. आणि तरी आपण दर महिन्याला फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारत राहिलो.

ते बोलणं राहिलं, म्हणून हे लिहितोय.

आपली भेट लक्ष्मीबाई नगरच्या गणपतीत झाली. राजेंद्र नगरच्या एका खोलीत आम्ही चौघं महाराष्ट्रातली पोरं राहत होतो, चौघंही कलेक्टर व्हायला आलेलो. दर वर्षी महाप्रसादाच्या दिवशी बस पकडून तुमच्या गणपतीला यायचो. त्यात भक्ती कमी, मसालेभात जास्त. त्या वर्षी माझा तिसरा प्रयत्न वाया गेला होता आणि जिंतूरला अब्बांना फोन करायचा मी टाळत होतो. मांडवामागे एका टेबलावर तुम्ही कॉम्प्युटर मांडला होता. मुलांच्या चित्रकला स्पर्धेची प्रशस्तिपत्रकं छापायची होती आणि प्रिंटरमधून मुलांच्या नावांऐवजी नुसते चौकोन येत होते. मी पत्रावळ हातात धरूनच म्हणालो, "फॉन्ट बदला, मॅडम. याला हे देवनागरी कळत नाही."

"मॅडम ऑफिसात. इथे ताई," तुम्ही मान वर न करता म्हणालात. "तुला येतं हे?"

"बीएस्सी कॉम्प्युटर आहे."

"मग परीक्षा कशाला देतोस?"

"घरच्यांना कलेक्टर पाहिजे."

"आणि तुला?"

मला काय हवं, हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. अब्बांचं बसस्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान. शिकलेल्या माणसाने काय करायचं असतं याचा एकच नमुना आमच्यासमोर होता, तो म्हणजे तहसील कार्यालयातला साहेब. तुम्ही खुर्ची सरकवलीत आणि म्हणालात, "जेवण झालं की बस. चाळीस नावं आहेत."

मग रविवार सुरू झाले. तुमच्या सरकारी क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत मी एका जुन्या मशीनवर, आतल्या खोलीत तुम्ही. मधे प्रभाकरराव चहाचे कप घेऊन येरझाऱ्या घालायचे. शाळेत जाणारी तुमची ऋता दारात उभी राहून विचारायची, "मामा, तू इथे होमवर्क करायला येतोस का?"

तुम्ही तेव्हा 'रुजुवात' लिहायला घेतली होती. दिल्लीत वाढलेल्या ऋताला तो शब्दच माहीत नव्हता. तुम्ही तिला समजावलंत की नक्कल मुळाशी ताडून पाहणं म्हणजे रुजुवात. संस्थेने प्रमाणपत्र दिलं की सॉफ्टवेअर त्याचा एक ठसा काढतं आणि तो साखळीत ओवतं. प्रत्येक ठशात आधीच्याचा अंश असतो, त्यामुळे मधला एक कागद कोणी बदलला तर पुढची सगळी साखळी तुटते. मला हे कळेना तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमच्या ऑफिसात नवीन रजिस्टर उघडलं की पहिल्या पानावर लिहावं लागतं, या वहीत एकशे ब्याण्णव पानं आहेत. खाली सही. मधलं पान कोणी फाडू नये म्हणून. तेच मी मशीनला शिकवतेय." ब्लॉकचेन हा शब्द तेव्हा आपल्यापैकी कोणी ऐकलेला नव्हता.

आणि हे सगळं खुलं होतं. कोणीही वाचावं, वापरावं, सुधारावं. मला हे फार विचित्र वाटायचं. आमच्याकडे वर्गात पहिला येणारा मुलगासुद्धा वही झाकून लिहायचा.

माझा पहिला बदल तुम्ही तीनदा परत पाठवलात. आमच्या भाषेत त्याला पॅच म्हणतात, दुसऱ्याच्या कामाला लावलेलं ठिगळ. मी बाहेरच्या खोलीतून ओरडून विचारलं, "ताई, यात चूक काय आहे?" आतून आवाज आला, "यादीवर विचार."

यादी म्हणजे मेलिंग लिस्ट. तिथे जे लिहाल ते जगातला कोणीही वाचणार. माझं इंग्रजी कच्चं, लिहायला घाम फुटायचा. मी म्हणालो, "अहो, मी इथे दहा फुटांवर बसलोय!"

"इथे सांगितलं तर तुला एकट्याला कळेल. तिथे लिही."

मी लिहिलं. तुम्ही आतून यादीवरच उत्तर दिलंत. मी पुन्हा लिहिलं. प्रभाकरराव दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात कप घेऊन थांबले. "एका घरात बसून पत्रव्यवहार चाललाय यांचा! पोस्टमन म्हणून मला तरी नेमा." तेवढ्यात ब्राझीलमधल्या कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. माझ्या चुकीवर त्याने तुमच्यापेक्षा सोपा उपाय सांगितला होता. तुम्ही बाहेर येऊन माझ्या खांद्यावरून तो वाचलात आणि खूश होऊन म्हणालात, "बघ. ओरडून विचारलं असतंस तर हा कुठे भेटला असता?"

त्या यादीनेच मला नोकरी दिली. नोएडातल्या एका छोट्या कंपनीत मुलाखतीला गेलो, तर मालकांनी माझी फाइल बाजूला ठेवली. त्यांनी तुमचा-माझा तो पत्रव्यवहार छापून आणला होता. "डिग्री बाद में देखेंगे. ये बताओ, तीन बार रिजेक्ट होके चौथी बार क्यों भेजा?" मी म्हणालो, "ताई ने बोला था, सर." ते हसले. मला वाटलं गेली नोकरी. पण मिळाली. अब्बांना फोन केला. त्यांनी विचारलं, "सरकारी है क्या?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "चलो, बैठके करने का काम तो है." तुमच्याकडे पेढे घेऊन आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "नोकरीचं काम नोकरीत. रविवारचं काम सोडायचं नाही." मी वर्षानुवर्षं सोडलं नाही. तुम्ही निवृत्त होऊन द्वारकेला गेलात, मी नोएडात घर घेतलं, आणि आपण मेट्रोच्या ब्लू लाइनच्या दोन टोकांना राहायला लागलो. मी दीड तास प्रवास करून यायचो. तुम्ही म्हणायचात, "लॅपटॉप मेट्रोत उघडू नकोस, वेळ आहे तर खिडकीबाहेर बघ. तू आलास तेव्हा इथे शेतं होती." शेतं खरंच होती. मी पाहिली होती. आता तिथे टॉवर होते आणि त्यांतल्या एकात मी हप्ते फेडत होतो.

मग एकाएकी जो तो ब्लॉकचेनबद्दल बोलू लागला. आमच्या मालकांनाही त्याचंच काही करायचं होतं. मी त्यांना रुजुवात दाखवली. म्हणालो, साखळी दहा वर्षांपासून तयार आहे, ती सार्वजनिक ब्लॉकचेनला, म्हणजे जगभरच्या मशीनवर राहणाऱ्या साखळीला, जोडू. कोड खुलाच राहील. ते तयार झाले. मी धावत तुमच्याकडे आलो तर तुम्ही वाटाणे सोलत होतात.

"एका प्रमाणपत्रासाठी सगळ्या जगाला जागं कशाला ठेवायचं, रफीक? चार संस्थांनी आपापल्याकडे साखळी ठेवली तरी पुरे."

"चार कार्यालयांवरच विश्वास ठेवायचा, तर मग साखळी कशाला, ताई?"

"कार्यालयात माणसं असतात. चूक झाली तर कोणाकडे जायचं ते कळतं. आणि तुझी ती साखळी खोटं पकडत नाही हं. बदल पकडते. आधीच खोटं लिहिलं असेल तर ते कायमचं होईल."

"जिंतूरहून येणाऱ्याला कोणाकडे जायचं ते कधीच कळत नसतं."

तुम्ही वाटाणे सोलायचं थांबवलंत. मग म्हणालात, "हे मात्र खरं." पण पटलं होतं असं नाही. त्यानंतर हा वाद आपण निदान वीस वेळा घातला. अजूनही मला वाटतं माझी बाजू बरोबर होती. आणि साखळी खोटं पकडत नाही हे तुमचं म्हणणं मी आता नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो.

आता त्या पुसण्याबद्दल.

आमच्या कामात प्रत्येक बदलाबरोबर एक नोंद राहते. कोणी केला, केव्हा केला, का केला. दहा वर्षांनी एखादी ओळ कळेनाशी झाली तर मागे जाऊन ती नोंद वाचायची. खुल्या कामात पगार नसतो. आपलं नाव त्या नोंदींत राहतं, हीच काय ती मिळकत. रुजुवातीत तुमच्या अकरा वर्षांच्या नोंदी होत्या, बहुतेक मराठीत, काही तर अर्ध्या पानाच्या. उत्पादन बाजारात आणायच्या आधी मालक म्हणाले, "इसमें पुराना बहुत कचरा है. क्लायंट देखेगा तो क्या सोचेगा? साफ करके नया शुरू करो." मी नाही म्हणू शकलो असतो. ते ऐकणारे गृहस्थ होते. पण मलाही तेव्हा सगळं नीटनेटकं, मोठ्या कंपनीसारखं दिसावं असं वाटत होतं. मराठीतल्या लांबलचक नोंदींची मला थोडी लाज वाटली, हे आज लिहून टाकतो. एका दुपारी जेवणानंतर मी तो सगळा इतिहास दाबून एकच नोंद केली. 'पहिली आवृत्ती.' करणारा: कंपनी. परवान्याच्या फाइलमध्ये तुमचं नाव ठेवलं, म्हणजे कायद्याने काही चुकलं नाही. जुनी वेबसाइट त्याच महिन्यात बंद केली.

चार दिवसांनी तुमचा फोन आला. "नवीन पाहिलं रे. हलकं झालंय. पटकन उघडतं."

"हो ताई."

"बरं." मग तुम्ही माझ्या मुलीच्या दाताबद्दल विचारलंत.

त्यानंतर तुमचा एकही पॅच आला नाही. मी स्वतःला सांगितलं, वय झालं, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय.

सॉफ्टवेअर चाललं, आणि चांगलंच चाललं. एका नर्सचं प्रमाणपत्र परदेशातल्या रुग्णालयाने त्याच दुपारी तपासून तिला रुजू करून घेतलं. आधी या कामाला महिने जायचे. तिने पेढ्यांच्या डब्याचा फोटो पाठवला होता, पत्ता माहीत नाही म्हणून. तेव्हा दिल्लीत एका सभागृहात माझं भाषण ठेवलं होतं आणि मी तुम्हाला आग्रहाने बोलावलं. तुम्ही काठपदराची साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसलात. मी व्यासपीठावरून म्हणालो, "हमारे सिस्टम में कोई कुछ मिटा नहीं सकता." टाळ्या पडल्या. तुम्हीही वाजवल्यात. चहाच्या वेळी म्हणालात, "बोललास छान. हिंदी सुधारली तुझी." टोमणा असता तर मी त्याच क्षणी पाय धरले असते. पण तो टोमणा नव्हता, खरंच कौतुक होतं, आणि म्हणूनच मला तोंड उघडता आलं नाही.

रुग्णालयात आलो तो शेवटचा शनिवार. मनात ठरवून आलो होतो की आज सांगायचंच. तुम्ही उशीला टेकून बसला होतात. मी सुरुवात कुठून करावी या विचारात असताना तुम्हीच विचारलंत, "नवीन काय?"

मी कामाचंच बोलायला लागलो. म्हणालो, "कोणीतरी एक पॅच पाठवलाय. आपण पूर्ण नाव एकाच रकान्यात घेतो ना, त्याचे तीन करायचे म्हणतोय. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सगळीकडे तसंच असतं. घेऊन टाकतो."

"कारण वाचलंस का?"

"वाचलं ना, त्याने नीट लिहिलंय."

"त्याचं नाही. माझं."

तुमचं कारण कुठे होतं आणि ते आता का वाचता येणार नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. तुम्ही माझ्याकडे पाहत होतात. रागाने नाही, वाट पाहत होतात. तेव्हाच ऋता नारळपाणी घेऊन आली आणि पाठोपाठ गार्ड, "टाइम हो गया, भाईसाहब." मी म्हणालो, "पुढच्या शनिवारी येतो, ताई. बोलायचंय." तुम्ही म्हणालात, "ये ना."

शनिवार आला. त्याआधी गुरुवारी तुम्ही गेलात.

शोकसभेनंतर आठवड्याने ऋताचा फोन आला. "मामा, आईचा लॅपटॉप तू घेऊन जा ना यार. बाबा रोज उघडून बसतात आणि मला त्यातलं काहीच समझत नाही." परवा घेऊन आलो. त्यात रुजुवातीची तुमची प्रत होती, अकरा वर्षांच्या सगळ्या नोंदींसकट. मला वाटलं होतं तशी ती चार वर्षांपूर्वी थांबलेली नव्हती. आमची प्रत्येक नवी आवृत्ती तुम्ही बाहेरून उतरवून आपल्या जुन्या इतिहासाला जोडत आला होतात, एकही न चुकवता. डोळ्यांच्या ऑपरेशनच्या महिन्यातलीसुद्धा. शेवटची जोडणी रुग्णालयात भरती होण्याच्या आदल्या दिवशीची. पुन्हा सगळ्यांसमोर ठेवायला मशीनला फक्त एक आज्ञा द्यायची बाकी होती. आणि ती द्यायचा अधिकार तुमच्याकडे होता, ताई. तुमचं खातं बंद करायचं मला कधी सुचलंच नव्हतं. चार वर्षांत कुठल्याही दिवशी तुम्ही ती देऊ शकला असतात.

तुम्ही ती माझ्यासाठी ठेवली होती.

नावाच्या रकान्याची नोंद मी शोधली. तारीख माझ्या नोकरीच्याही आधीची. तुमचे शब्द असे:

"पूर्ण नाव एकाच रकान्यात, कागदावर असेल त्याच क्रमाने. भाग पाडू नयेत. रफीकच्या दहावीच्या कागदावर शेख रफीक शेख यासीन आहे, त्यांच्याकडे असंच लिहितात. पदवीच्या अर्जात तीन चौकोन होते म्हणून तिथे तो रफीक यासीन शेख झाला. ही दोन्ही नावं एकाच मुलाची आहेत हे पटवायला त्याला विद्यापीठात तीन फेऱ्या माराव्या लागल्या. हे त्याने आज हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. यंत्राच्या सोयीसाठी कोणाला आपलं नाव बदलायला लागू नये."

मी ते सांगितल्याचं मला आठवतही नाही. पोहे खाताना बोललो असेन. त्या ओळीमुळे आज किती मुलांची नावं आहेत तशी राहिली, ते कोणीच सांगू शकणार नाही. आणि मी ती कचरा म्हणून पुसली होती.

काल दुपारी मी ती आज्ञा दिली. यादीवर लिहिलं की चार वर्षांपूर्वी या प्रकल्पाचा इतिहास मी काढून टाकला, निर्णय माझा होता, शुभदाताईंना विचारलं नव्हतं. तीन रकान्यांचा पॅच परत केला आणि खाली तुमची नोंद जशीच्या तशी लावली, मराठीत, सोबत माझ्या इंग्रजीत अर्थ. पाठवणारा मणिपूरचा आहे. त्याने लिहिलं, त्यांच्याकडेही नावं अशीच, तीन चौकोनांत न मावणारी. तीन रकाने त्यानेही बाकीच्यांचं बघूनच केले होते.

संध्याकाळी मालक माझ्या टेबलापाशी आले. तुमच्या नोंदी बराच वेळ खालीवर करत राहिले. मराठी कळत नव्हतं, पण तारखा वाचत होते. मग म्हणाले, "अच्छा किया. बस वो बीच में तुम्हारा 'पहिली आवृत्ती' वाला दिख रहा है, वो हटा दो. अब उसकी क्या ज़रूरत?"

"रहने दीजिए, सर," मी म्हणालो. "वो भी हुआ था."

तुमच्या अकरा वर्षांच्या नोंदींशेजारी माझी ती एक ओळ आता कायमची आहे, ताई. कंपनीचं नाव काढून तिथे मी माझं लिहिलं आहे. शेख रफीक शेख यासीन.